आठवड्याला एक गाणे

वाचकहो, एका गृहस्थाची परिस्थिती आपणांपुढे ठेवतो. वय चौतीस. वास्तव्य न्यूयॉर्क महानगरात. एका कंपनीत संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची, महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी. घरी पत्नी आणि त्याच वर्षी जन्मलेली कन्या. या गृहस्थाला गाण्याचा नाद आहे. आणि तो नादही असा, की ज्याला बाजारात सहसा गिऱ्हाईक भेटत नाही. त्याची गाणी असतात यंत्रमानवांविषयी, माथेफिरू शास्त्रज्ञांविषयी, गणितातील विलक्षण आकृत्यांविषयी. आता नोकरी सोडून या गाण्यांवरच संसार चालवावा, असे त्याने मनाशी ठरविले आहे.

आपण त्याचे वडीलधारे असता, तर त्याला काय सल्ला दिला असता? 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपल्या ओठांवर आल्याखेरीज राहिली नसती. आणि ती चुकीची आहे असेही कोणी म्हणणार नाही. परंतु २००५ सालच्या सप्टेंबरात जोनाथन कोल्टन या गायकाने नोकरीला रामराम ठोकला. त्यानंतर काय घडले, हे प्रत्येक कुटुंबाने ऐकण्याजोगे आहे. कारण ही हकिकत जितकी गाण्याची, तितकीच घरखर्चाचीही आहे.

हिणवला गेलेला समाज

कोल्टनचा जन्म १ डिसेंबर १९७० चा. कनेक्टिकट राज्यातील कोल्चेस्टर या लहान गावी तो वाढला. येल विद्यापीठात शिकत असता 'व्हिफेनपूफ्स' या, वाद्यांच्या साथीवाचून गाणाऱ्या जुन्या विद्यार्थी-मंडळीत त्याचा समावेश झाला. १९९३ साली पदवी घेतल्यावर पुढे त्याने संगणकाचा व्यवसाय पत्करला. दिवसा नोकरी आणि फावल्या वेळात गाणी, असा क्रम बरीच वर्षे चालला.

त्याची गाणी कोणासाठी होती, हे समजण्यासाठी एका शब्दाची ओळख करून घेतली पाहिजे. तो शब्द म्हणजे 'गीक'. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील फिरत्या जत्रांमधून जिवंत कोंबडीचे मुंडके दातांनी तोडून दाखविणाऱ्या इसमाला हे नाव होते. पुढे ते पुस्तकांत, यंत्रांत आणि कल्पित जगांत रमणाऱ्या, पण चारचौघांत बुजणाऱ्या मुलांना चिकटले. आपल्याकडे 'पुस्तकी किडा' म्हणताना जो उपहास डोकावतो, त्याच्या चौपट उपहास या शब्दात होता. पुढे याच मुलांनी मोठेपणी तो शब्द स्वतः उचलला आणि बिरुदासारखा मिरविला.

या मंडळींचे एक जिव्हाळ्याचे क्षेत्र म्हणजे विज्ञानकथा. १९३९ साली न्यूयॉर्क येथे विज्ञानकथांच्या वाचकांचे व लेखकांचे पहिले जागतिक संमेलन भरले. अशा संमेलनांत रात्री गाण्याच्या बैठकी रंगू लागल्या. जुन्या लोकगीतांच्या चालींवर अंतराळयानांची आणि परग्रहवासीयांची गाणी म्हटली जात. १९५० नंतरच्या दशकात एका लेखात टंकलेखनाच्या चुकीने 'फोक', म्हणजे लोकसंगीत, या शब्दाचा 'फिल्क' झाला. रसिकांना ती चूक इतकी आवडली, की या गीतप्रकाराचे तेच नाव कायम झाले. कोल्टन या बैठकींतून पुढे आलेला नव्हे. परंतु त्याचा श्रोतृवर्ग याच समाजातला, आणि तो स्वतःही त्यांतलाच एक.

त्याचे २००४ मधील 'द फ्यूचर सून' हे गाणे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एका शाळकरी मुलाने वर्गातील मुलीच्या बाकावर निनावी चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी कोणाची हे तिने ओळखले आणि सगळ्या वर्गाला कळले. अपमानित झालेला तो पोरगा आता भविष्यकाळाची स्वप्ने रंगवितो. आपण मोठे शास्त्रज्ञ होऊ, यंत्रमानव बनवू, शरीराचे दुबळे भाग काढून तेथे यंत्रे बसवू, मग कोण हसेल? ऐकताना प्रथम हसू येते. क्षणभराने मात्र ध्यानी येते, की यंत्रमानव हे निमित्त आहे आणि गाणे त्या मुलाच्या एकटेपणाचे आहे. कोल्टनच्या बहुतेक चांगल्या गाण्यांचे मर्म येथे आहे. विषय विचित्र, पण दुःख आपल्या ओळखीचे.

बावन्न आठवडे

नोकरी सोडल्यावर कोल्टनने प्रेरणेची वाट पाहत बसण्याचे टाळले. दर आठवड्याला एक गाणे ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवरील आपल्या संकेतस्थळावर ठेवावयाचे, असा त्याने नेम केला. 'थिंग अ वीक' असे त्याचे नाव. सप्टेंबर २००५ पासून सप्टेंबर २००६ पर्यंत, असे बावन्न आठवडे त्याने तो पाळला. एकदाची सुटलेली नोकरी त्याने अशा रीतीने पुन्हा स्वतःवर लादून घेतली असे म्हणता येईल. फरक एवढाच, की आता मालकही तोच आणि नोकरही तोच.

बावन्न गाणी सारख्याच तोलाची असतील हे संभवत नाही. त्यांत दुसऱ्यांच्या गाण्यांना दिलेली नवी रूपेही आहेत. परंतु नेम मोडला नाही, म्हणूनच एप्रिल २००६ मध्ये 'कोड मंकी' हे गाणे जन्मास आले. 'कोड मंकी' म्हणजे आज्ञावली लिहिणारा माकड. हा बिचारा सकाळी उठून कामावर जातो, वरिष्ठाची बोलणी खातो, स्वागतकक्षातील तरुणीवर मनोमन प्रेम करतो आणि तिने नकार दिला की पुन्हा आपल्या यंत्रापुढे येऊन बसतो. तो बोलतोही माकडासारख्या मोडक्यातोडक्या भाषेत. संगणकाच्या पडद्यापुढे आयुष्य घालविणाऱ्या असंख्य तरुणांना त्यात आपलीच तसबीर दिसली. गाणे या हातातून त्या हातात जात दूरवर पोहोचले आणि २००७ मध्ये त्याच नावाच्या एका व्यंगचित्र-मालिकेचे शीर्षकगीत झाले.

त्याच वर्षात रचलेले 'री: युअर ब्रेन्स' हे गाणे म्हणजे कचेरीच्या भाषेची थट्टा. मेलेली माणसे चालू लागली आहेत. जिवंत माणसे दार बंद करून आत लपली आहेत. बाहेर उभा असलेला प्रेतरूप सहकारी आतल्याला अतिशय सभ्य, मसलतीच्या सुरात विनवितो, की दार उघडा, आम्हांला केवळ तुमचा मेंदू खावयाचा आहे. ज्याने कधी कचेरीतील गोडगोड परिपत्रके वाचली असतील, त्याला या भयकथेतील खरे भय कोणते, हे सांगावयास नको. तसेच नव्या बापाच्या मनःस्थितीवरही त्याने गाणे केले. मुलाच्या येण्याने आधीचे आयुष्य कसे उधळून गेले आणि ते उधळणेच कसे हवेहवेसे झाले, हा त्याचा आशय. म्हणजे घरातील पाळणा या गाण्यांपासून दूर नव्हता.

फुकट वाटून पोट कसे भरते?

येथे चाणाक्ष वाचक विचारतील, की संकेतस्थळावर गाणी ठेवली हे ठीक. परंतु पैसे कोणी दिले? कोल्टनने आपली गाणी 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाच्या परवान्याखाली प्रसिद्ध केली होती. त्याचा अर्थ असा, की कर्त्याचे नाव देऊन आणि धंदा न करता कोणीही ते गाणे दुसऱ्यास द्यावे, त्यावर आपले चित्रण रचावे, त्याला नवे रूप द्यावे. रसिकांनी या मुभेचा भरपूर लाभ घेतला. त्यांनी केलेल्या चित्रफितींतून गाणी नव्या श्रोत्यांपर्यंत गेली, आणि जाहिरातीचा खर्च शून्य.

आपल्याकडे कीर्तन ऐकावयास तिकीट नसते. पण कीर्तनाच्या अखेरीस आरतीचे ताट फिरते आणि ज्याचे मन भरले तो त्यात यथाशक्ती काही टाकतो. कोल्टनचा व्यवहार थोडाफार याच जातीचा होता. ताटात किती पडले, याचा हिशेबही उपलब्ध आहे. मे २००७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक पुरवणीत त्याच्यावर लेख आला. त्या लेखानुसार त्याची मिळकत महिन्याला ३,००० ते ५,००० डॉलर होती. तीपैकी सुमारे ४१ टक्के इंटरनेटवरून विकलेल्या गाण्यांची, २९ टक्के तबकड्यांची, १८ टक्के मैफलींच्या तिकिटांची, आणि उरलेली सदरे वगैरे वस्तूंची. ही श्रीमंती नव्हे. पण मध्यमवर्गीय संसार तीत चालतो. मैफलींचीही त्याने अशीच आखणी केली. कोणत्या शहरातून किती रसिक बोलावीत आहेत, हे इंटरनेटवर आधी पाहावयाचे आणि पुरेशी संख्या भरली की तेथे जावयाचे.

अशाच एका सिअ‍ॅटल येथील मैफलीनंतर 'व्हॉल्व्ह' या संगणक-खेळ बनविणाऱ्या कंपनीची माणसे त्याला येऊन भेटली. त्यांतून 'पोर्टल' या २००७ मधील खेळाच्या शेवटचे 'स्टिल अलाइव्ह' हे गीत तयार झाले. या खेळात एक संगणकयंत्र खेळणाऱ्याला कोडी घालते आणि त्याच्या जिवावर उठते. अखेर पराभूत झालेले तेच यंत्र, जणू अहवाल वाचावा तशा थंड आनंदाने, हे गाणे म्हणते. आवाज एलेन मॅक्लेन या ऑपेरा गायिकेचा. खेळ जिंकून दमलेल्या तरुणांनी हे गीत तोंडपाठ केले आणि कोल्टनचे नाव देशोदेशी पोहोचले.

कायद्याने हात टेकले तेव्हा

मोकळ्या हाताने देणाऱ्याला फसवणारेही भेटतात. १९९२ मध्ये गाजलेल्या 'बेबी गॉट बॅक' या सर मिक्स-अ-लॉट यांच्या रॅप-गीताला कोल्टनने २००५ मध्ये सौम्य, लोकसंगीतासारखी सर्वस्वी नवी चाल दिली होती. मूळ गीताबद्दलचा परवानाही त्याने रीतसर घेतला होता. जानेवारी २०१३ मध्ये 'ग्ली' या दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय मालिकेत हे गाणे आले; चाल कोल्टनची, मांडणी कोल्टनची, पण नाव मात्र कोठेही नाही. विशेष म्हणजे मूळ शब्दांच्या जागी त्याने स्वतःचा उल्लेख म्हणून घातलेले 'जॉनी सी' हे नावही तसेच राहून गेले होते!

त्याने विचारणा केली. आम्ही कायद्याच्या मर्यादेत आहोत आणि तुमची प्रसिद्धीच झाली आहे, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले, असे त्याने जाहीर केले. दुसऱ्याच्या गाण्याला परवान्याखाली दिलेल्या नव्या चालीला कायद्याचे संरक्षण जवळजवळ नसते, हे खरेच होते. मग त्याने एक गमतीदार मार्ग काढला. आपले आठ वर्षांपूर्वीचेच ध्वनिमुद्रण त्याने 'ग्लीच्या थाटात' अशा मथळ्याने पुन्हा विक्रीस काढले आणि ठरावीक मुदतीतील उत्पन्न दोन सेवाभावी संस्थांना दिले. न्यायालयाची पायरी न चढता त्याने आपले म्हणणे जगापुढे मांडले. परंतु गाण्याखाली नाव काही लागले नाही, हेही विसरता येत नाही.

आणखी एक आक्षेप येथेच नोंदविला पाहिजे. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नभोवाणीच्या अर्थविषयक कार्यक्रमात कोल्टनची चर्चा झाली. आदल्या वर्षी त्याचे उत्पन्न सुमारे ५ लाख डॉलर होते असे सांगण्यात आले. त्याचबरोबर, हे यश म्हणजे एखाद्याला लागलेली लॉटरी, इतरांना तो धडा होऊ शकत नाही, असेही मत व्यक्त झाले. या मतात तथ्य आहे. संगणकावर काम करणारा वर्ग आणि संगणकावरून पसरणारी गाणी यांची गाठ नेमकी त्याच वर्षांत पडली, हे त्याचे भाग्यच. मात्र भाग्य दारात आले तेव्हा देण्यासाठी बावन्न गाणी तयार होती, हे भाग्याचे काम नव्हे.

समुद्रावरील मेळा

२०११ मध्येच त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक प्रवासी-जहाज गाठून आपल्या रसिकांची सागरी सहल काढली. गाणी, विज्ञानकथा-लेखकांची वाचने, रात्र-रात्र चालणारे पटावरचे खेळ, असा तो मेळा. आरंभी काहीशे माणसे होती. पुढे अख्खे जहाजच भाड्याने घ्यावे लागू लागले. करोनाच्या साथीने खंड पडला, तरी प्रथा टिकली. ज्यांना शाळेत कोणी खेळात घेत नव्हते, अशी मोठी झालेली मुले येथे आठवडाभर एकत्र असतात. चिठ्ठीपायी वर्गात हसे झालेल्या त्या पोराला अखेर हवा तसा वर्ग मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

वाचकहो, आपण नागपुरास असा, इंदुरास असा की बडोद्यास. आपल्याही घरी एखादा मुलगा किंवा मुलगी मोडकी यंत्रे उकलीत, परग्रहांची चित्रे काढीत किंवा कोणास न कळणारे काही गुणगुणत बसलेली असेल. तिने उद्या नोकरी सोडावी असे हा लेख सुचवीत नाही. कोल्टननेही आधी बरीच वर्षे पगार आणला होता. परंतु या नादाने काय होणार, असे हसून विचारण्यापूर्वी एकदा जवळ बसून, नवे काय केलेस, एवढे विचारावे. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे.