हूडच्या गाडीतला वारा : आवाज येतो कुठून आणि कमी कसा करायचा

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. जीपला कापडी हूड बसवलं की आवाज येणारच, त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण आपल्या भागात पिढ्या जीपवर गेल्या. वडापच्या जीपा होत्या, शेतावरच्या होत्या, आता तरुण मंडळी थार घेतात आणि वरचं हूड बाहेरून बनवून बसवतात. मंगळवेढ्याहून सोलापूरला तासभराचा रस्ता, पण शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. मागून कोण हॉर्न देतोय ते कळत नाही. उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असताना ते न कळणं बरं नाही. शिवाय कानाचाही हिशोब असतो. ८५ डेसिबल आवाज रोज आठ तास ही साधारण सुरक्षिततेची मर्यादा मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोनच. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याच्यासाठी हा हौसेचा प्रश्न नाही.

तर आधी कारण समजून घेऊ, मग उपाय.

पहिली गोष्ट वेगाची. वारा कडेवर, आरशावर, पट्ट्यावर आपटून जो आवाज होतो, त्याची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. म्हणजे ६० चा वेग ९० केला, तर वेग दीडपट होतो, पण आवाजाची शक्ती होते सुमारे ११ पट. डेसिबलमध्ये हे १० च्या थोडं वर जातं आणि कानाला आवाज दुप्पट वाटतो. इथं वेग म्हणजे मीटरवरचा आकडा नव्हे, गाडीला लागणाऱ्या वाऱ्याचा वेग. आपलं रान काळं, सपाट, ज्वारीचं. वाऱ्याला अडवायला झाड नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. समजा तो २० किलोमीटरने वाहतोय. सांगोल्याकडे ७० ने निघालात तर हूडला ९० चा वारा लागतो. सोलापूरकडे त्याच ७० ने निघालात तर ५० चाच. जाताना गाडी शांत आणि येताना कर्कश, असं लोक सांगतात ते खोटं नाही. म्हणून हूडची परीक्षा घ्यायची तर एकाच रस्त्यावर, एकाच दिशेने, एकाच वेगाने घ्यावी.

दुसरी गोष्ट, आवाज एक नसतो, चार असतात. ते कानाने वेगळे करता येतात.

शिट्टी किंवा सूं-सूं येत असेल तर फट आहे. फडफड येत असेल तर कापड सैल आहे. एकसुरी गुणगुण येत असेल तर एखादा पट्टा किंवा दोरी वाऱ्यात थरथरतेय. आणि कानात दडे बसल्यासारखी धप-धप येत असेल तर एकच खिडकी उघडी आहे. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तशी अख्खी गाडी घुमते. सेकंदाला १५-२० वेळा, म्हणून ती ऐकू कमी येते आणि जाणवते जास्त. यावर उपाय फुकटचा आहे. समोरच्या बाजूची दुसरी खिडकी बोटभर उघडा.

आता फट. गावातला कुशनवाला सांगेल, आतून जाड फोम मारू, आवाज बंद. थांबा. हूडच्या एकूण क्षेत्राच्या फक्त एक टक्का फट राहिली, तर बाकीचं कापड कितीही जाड करा, २० डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही. भोक असलेल्या घागरीला बाहेरून मुलामा देण्यासारखं आहे ते. म्हणून पहिला खर्च फटीवर.

फट शोधायची कशी? दाराच्या रबराला खडूची पूड लावा, दार लावा, उघडा. समोर पूड उमटली नाही तिथं रबर टेकत नाही. पुढच्या काचेच्या वरची कड, जिथं हूड अडकतं, तिथं कागदाची पट्टी ठेवून बंद करा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून वारा येतो. मग रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी घेऊन एकेक सांधा बाहेरून बंद करा आणि त्याच रस्त्यावर फेरी मारा. ज्या पट्टीने आवाज पडला, ती जागा. एका वेळी एकच जागा बंद करायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. बहुतेक वेळा काचेवरची कड आणि दाराचा वरचा मागचा कोपरा सापडतो. तिथं पोकळ रबरी बीडिंग लावा. स्पंज लावलात तर तो पाणी पितो आणि दबून बसतो. पाणी वाहून जायच्या वाटा मात्र बुजवू नका.

फडफडीचं कारण वेगळं. ९० च्या वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ३८ किलो वजनाएवढा असतो. छतावरून वारा पळताना वर दाब कमी होतो, आत जास्त राहतो, आणि हूड फुग्यासारखं वर येतं. वर येतं, पडतं, पाइपावर आपटतं. दोन पाइपांमध्ये अंतर जास्त असेल तर मध्ये एक आडवा पट्टा ताणून घ्या, पाइपावर नमदा गुंडाळा. कापड दुपारच्या उन्हात, गरम असताना ताणा. रेक्झिन उन्हात मऊ होतं, थंडीत आखडतं. पहाटे ताणलेलं दुपारी सैल पडणारच.

गुणगुणीला तर एक गाठसुद्धा पुरते. वाऱ्यात ताणलेल्या १० मिलिमीटर दोरीमागे ९० च्या वेगाला सेकंदाला ५०० च्या आसपास भोवरे सुटतात, तोच सूर ऐकू येतो. पट्टा सपाट न ठेवता एक-दोन पीळ देऊन बांधला की भोवऱ्यांचा ताल मोडतो.

हे सगळं झाल्यावरच आतल्या अस्तराकडे वळायचं. कापडाचं वजन दुप्पट केलं की ५-६ डेसिबल कमी होतात. हूडचं जाड कापड चौरस मीटरला किलोच्या आसपास, तर ०.८ मिलिमीटर पत्रा सव्वासहा किलो. म्हणजे हूड पत्र्याची बरोबरी करणार नाही, ती अपेक्षा ठेवून पैसे घालवू नका. जाड, वजनदार अस्तर आणि त्यात नमदा, एवढं पुरे. नुसता हलका फोम आतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज फारसा अडवत नाही.

शेवटी एक इशारा. आवाज कमी व्हावा म्हणून काही जण पुढचं सगळं बंद करून मागचा पडदा तेवढा उघडा सोडतात. चालत्या गाडीच्या मागे दाब कमी असतो, तिथं सायलेन्सरचा धूर घोटाळतो आणि तोच आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागे पोरं बसलेली असतील तर हे अजिबात करायचं नाही. मागचं उघडायचं तर पुढूनही हवा आत येऊ द्या.

क्रम एवढा लक्षात ठेवा : आधी फट, मग ताण, मग पट्टे, शेवटी अस्तर. आणि यातलं काहीच जमलं नाही, तरी ९० ऐवजी ७५ ने चला. सहाव्या घाताच्या हिशोबाने तेवढ्यानेच पावणेपाच डेसिबल कमी होतात, तेही एक रुपया खर्च न करता.