कान ठणकतो, दुखतो जबडा

कान ठणकतोय, पण कानात काहीच सापडत नाही, अशी तक्रार घेऊन कुक्षीतल्या माझ्या दवाखान्यात पुष्कळ जण येतात. मी कानापुढे बोटं ठेवून तोंड उघडायला सांगते. सांधा 'कट' वाजतो, गालाचा स्नायू दाबताच डोळ्यांत पाणी येतं. दुखणं जबड्याचं असतं.

१९३४ साली अमेरिकेतले कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी याचा दोष दातांच्या ठेवणीवर ठेवला: मागच्या दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो आणि सांधा दबतो. पुढे कित्येक वर्षं दाढा घासून चावा जुळवणं चाललं. आजचा पुरावा चाव्याला एवढं महत्त्व देत नाही. ताण, अपुरी झोप, दात आवळून धरायची सवय, जबड्याला बसलेला मार, असं बरंच काही त्यात असतं. म्हणून निव्वळ या दुखण्यासाठी धडधाकट दाढ घासायला मी ठाम नकार देते. घासलेला दात परत येत नाही.

थोडे दिवस मऊ खिचडी, गरम शेक, ओठ मिटलेले पण दात सुटे. बहुतेकांना एवढ्यानं उतार पडतो.

सुपारी-गुटख्यानं तोंड आखडणं मात्र वेगळं. तिथे गालाचं अस्तरच ताठरतं आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. आमच्या मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी सुटलेली नाही. तीन बोटं उभी तोंडात मावत नसतील, तर लगेच तपासून घ्या.