खाण, बंदर आणि फुटबॉल

मुलांनो, जगाचा नकाशा उघडा आणि इराणच्या आखाताच्या वरच्या टोकाला असलेला कुवेत हा चिमुकला देश शोधा. त्याच्या किनाऱ्यावर मीना अल-अहमदी नावाचे बंदर आहे. अरबी भाषेत 'मीना' म्हणजे बंदर. १९३८ साली बुरगान येथे जमिनीखाली तेलाचा मोठा साठा सापडला आणि ३० जून १९४६ रोजी या किनाऱ्यावरून कुवेतच्या तेलाचे पहिले जहाज परदेशी निघाले. तेव्हाचे अमीर शेख अहमद यांच्या नावावरून शेजारच्या नव्या गावाला अहमदी हे नाव मिळाले. तेल कंपनीच्या कामासाठी इंग्रज अभियंते आले, तसे भारतातून कारकून, फिटर आणि सुतारही गेले. त्यांत गोव्याची माणसे बरीच होती. कदाचित तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरातील आजोबांनी तेथे नोकरी केली असेल.

जेथे बोटी येतात तेथे फुटबॉलचा चेंडूही येतो, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही. कुवेतमध्ये हा खेळ चांगलाच रुजला. १९८२ साली कुवेतचा संघ प्रथमच विश्वचषक स्पर्धेत उतरला. ती स्पर्धा स्पेनमध्ये होती. २५ जून रोजी कुवेतची गाठ इंग्लंडशी पडली आणि कुवेतचा संघ केवळ एका गोलने हरला. हा सामना स्पेनच्या उत्तरेकडील बिल्बाओ शहरात, सान मामेस या मैदानावर झाला. आज आपल्याला या मैदानाच्या मालकांची ओळख करून घ्यायची आहे आणि मग तेथून थेट आपल्या गोव्यात यायचे आहे.

बिल्बाओ हे बास्क लोकांचे शहर. बास्क लोकांची भाषा स्पॅनिशपेक्षा अगदी निराळी आहे. एकोणिसाव्या शतकात या शहराभोवतालच्या डोंगरांतून लोहखनिज निघू लागले. ते इंग्लंडला जाई आणि परत येताना बोटींतून दगडी कोळसा येई. बोटींवरचे खलाशी नदीकाठच्या मोकळ्या जागेत चेंडू खेळत. इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या बास्क तरुणांनाही या खेळाचे वेड लागले होते. १८९८ साली 'अ‍ॅथलेटिक क्लब' स्थापन झाला. त्याचे नाव इंग्रजी राहिले ते यामुळेच. पुढे हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत परकी नावांना बंदी आली, तेव्हा १९४१ मध्ये क्लबला स्पॅनिश वळणाचे नाव घ्यावे लागले. १९७२ मध्ये जुने नाव परत मिळाले.

या क्लबची एक रीत जगावेगळी आहे. १९१२ पासून क्लबने ठरवले, की आपल्या संघात खेळाडू आपल्याच प्रदेशातले असतील. परदेशातून महागडे खेळाडू आणायचे नाहीत. जवळच्या लेसामा गावी १९७१ पासून क्लबचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे लहान मुले शिकतात आणि त्यांतूनच पुढचा संघ उभा राहतो. अशाने संघ मागे पडेल, असे तुम्हांला वाटेल. पण स्पेनची राष्ट्रीय लीग १९२९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली न गेलेले क्लब तीनच आहेत : रेआल माद्रिद, बार्सेलोना आणि हा.

मात्र 'आपला' म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. पूर्वी या शब्दाचा अर्थ फार अरुंद होता. आता तेथे जन्मलेला किंवा तेथे खेळ शिकून तयार झालेला कोणताही मुलगा आपला मानला जातो. इन्याकी आणि निको विल्यम्स या दोघा भावांचे आईवडील घाना देशातून सहारा वाळवंट ओलांडून आले होते. हे दोघे भाऊ आज क्लबचे लाडके खेळाडू आहेत. ६ एप्रिल २०२४ रोजी क्लबने राजाचा चषक चाळीस वर्षांनी जिंकला. त्यानंतर सर्व खेळाडू एका बार्जमध्ये उभे राहिले आणि नदीतून शहरात आले. दोन्ही काठांवर लाखो माणसे जमली होती. मालवाहू बार्जमधून विजयाची मिरवणूक! जुन्या बंदराची ही आठवण तेथील लोकांनी जपली आहे.

बार्ज म्हटले, की गोव्याच्या मुलांना मांडवी आणि जुवारी या नद्या आठवतील. येथेही डोंगर खणून लोहखनिज काढले गेले, बार्जांत भरून मुरगाव बंदरात नेले गेले आणि तेथून जहाजांनी मुख्यतः जपानला गेले. या व्यवसायात डेंपो, साळगावकर, चौगुले अशी घराणी पुढे आली. फुटबॉल मात्र गोव्यात त्याआधीपासून होता. चर्चच्या शाळांतून तो गावोगाव पसरला होता. भात कापून झाले, की रिकाम्या शेतात गोलाचे खांब उभे राहत. खाणमालकांनी या खेळाला नोकरी आणि पगार यांची जोड दिली. साळगावकर क्लब १९५६ चा, तर डेंपो क्लब १९६८ चा. साळगावकर संघाने १९९९ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. गोव्याच्या क्लबने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्यानंतर डेंपोचे दिवस आले. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली या संघाने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले. महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स ही गोव्याचीच मुले. त्यांच्या जोडीला रँटी मार्टिन्स हा नायजेरियाचा आणि बेटो हा ब्राझीलचा खेळाडू होता. म्हणजे डेंपोने बिल्बाओसारखी कुंपणे घातली नाहीत. पण संघाचा कणा घरचाच ठेवला.

या यशात एक दुःखाची आठवणही आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरने डेंपोचे दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. डेंपोने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

इतका बलाढ्य क्लब पुढे मोठ्या मैदानावरून नाहीसा कसा झाला? घराण्याने खाणींचा व्यवसाय २००९ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकला, तरी क्लब विकला नव्हता. अडचण वेगळीच होती. २०१४ मध्ये नवी इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिच्यातील संघ नवे होते, पैसा मोठा होता. हीच पुढे देशाची पहिली लीग होणार आणि जुनी आय-लीग दुय्यम ठरणार, अशी योजना पुढे आली. डेंपो २०१५ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला, पुढच्याच वर्षी ती श्रेणी जिंकून वर आला आणि २०१६ मध्ये त्या योजनेच्या निषेधार्थ साळगावकर व स्पोर्टिंग या क्लबांसह आय-लीगमधून बाहेर पडला. निषेध रास्त होता, असे मलाही वाटते. परंतु तो निर्णय क्लबच्या मालकांचा होता. डेंपोसाठी गळा कोरडा करणाऱ्या प्रेक्षकाला कोणी विचारले नाही. विचारण्याची सोयच नव्हती.

येथे बिल्बाओचा क्लब वेगळा ठरतो. त्याला मालक नाही. चाळीस हजारांहून अधिक सभासद वर्गणी भरतात आणि मत देऊन अध्यक्ष निवडतात. १९९० च्या कायद्याने स्पेनमधील बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावे लागले. सभासदांचे राहिलेल्या चार क्लबांपैकी हा एक आहे. अर्थात, सभासदांच्या वर्गणीवर क्लब चालण्यासाठी गावात तेवढी मिळकत आणि तेवढी जुनी सवय लागते. गोव्यात खाणमालकाचा हात नसता, तर महेश किंवा समीर यांना फुटबॉलवर पोट भरता आले असते का, हेही विचारले पाहिजे.

डेंपो क्लब बंद मात्र पडला नाही. गोव्याच्या लीगमध्ये तो खेळत राहिला. आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, खालच्या श्रेणीतून वर येऊन तो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. समीर नाईक तेव्हा संघाचा प्रशिक्षक होता.