२८५ वर्षे टिकणारी हार्ड डिस्क

आमच्या परिचयाचे एक मुख्याध्यापक गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत भेटायला आले. शाळेच्या साठ वर्षांच्या जनरल रजिस्टरांची पाने त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने स्कॅन करून घेतली होती. त्यात स्नेहसंमेलनांच्या चित्रफिती आणि छायाचित्रे धरली तर सगळा ऐवज तीन टेराबाइटच्या आसपास जात होता. मूळ रजिस्टरांपैकी काहींना वाळवी लागली आहे, त्यामुळे ही प्रत आता नुसती सोयीची राहिलेली नाही. दुकानदाराने त्यांना २० टेराबाइटची हार्ड डिस्क सुचवली होती. तिच्या माहितीपत्रकातल्या एका ओळीखाली सरांनी पेन्सिलीने रेघ मारून आणली होती : ‘दोन बिघाडांमधील सरासरी काळ २५ लाख तास’. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला तर २८५ वर्षे!

“म्हणजे पहिल्या बाजीरावाच्या अखेरच्या दिवसांत सुरू केली असती, तर आता कुठे बंद पडायला आली असती,” सर म्हणाले. “यावर विश्वास ठेवायचा का?”

आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ तसा नाही. एकच डिस्क २५ लाख तास कोणी चालवून पाहिलेली नाही. समजा, १,००० नव्या डिस्क २,५०० तास, म्हणजे साडेतीन महिने, चालवल्या आणि त्यांतली एक बिघडली. एकूण चाललेले तास झाले २५ लाख आणि बिघाड एक. अशा तऱ्हेच्या हिशोबातून हा आकडा येतो. पंधरा वर्षांच्या दोन हजार मुलांपैकी वर्षभरात एक दगावले, तर त्यावरून माणसाचे सरासरी आयुष्य दोन हजार वर्षे ठरवण्यासारखेच हे आहे. मुले म्हातारी होतात, डिस्कही होतात, आणि हिशोब मात्र तरुणपणाचा असतो.

तेव्हा हा भागाकार उलटा करावा. ८,७६० भागिले २५ लाख म्हणजे सुमारे ०.३५ टक्के. वर्षभरात हजार डिस्कमागे साडेतीन बिघडतील, एवढेच कंपनीचे म्हणणे आहे. अनुभव मात्र याहून कडू आहे. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या वर्षी बिघाडाचे प्रमाण १.७ टक्के होते, तर तीन वर्षे जुन्या डिस्कमध्ये ते ८ टक्क्यांच्या वर गेले होते. अमेरिकेतील बॅकब्लेझ ही कंपनी लोकांची माहिती लाखो डिस्कवर साठवते आणि आपल्याकडील बिघाडांचे आकडे जाहीर करते. २०२१ ते २०२४ या काळात त्यांचे वार्षिक प्रमाण १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान राहिले. आपण हिशोबासाठी दीड टक्का धरू.

इतके थोडे बिघाड होतात, हेच खरे तर नवल आहे. डिस्कच्या आत चुंबकीय थर दिलेल्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेत असतात. साडेनऊ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीची कड त्यामुळे ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावते. तिच्यावरून माहिती वाचणारे हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. हेडची लांबी एक मिलिमीटर आणि उंची तीन नॅनोमीटर धरू आणि दोन्ही एक लाख पटींनी वाढवू. शंभर मीटर लांबीची एखादी वस्तू जमिनीपासून तीन दशांश मिलिमीटरवरून, कुठेही न टेकता, वर्षानुवर्षे सरकते आहे असे चित्र उभे राहील. मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरून पेटी बंद करतात. हेलियमची घनता हवेच्या सुमारे एकसप्तमांश असल्याने तबकड्यांची थरथर कमी होते आणि त्या पातळ करून अधिक संख्येने बसवता येतात. २०१३ पासून अशा डिस्क बाजारात आल्या.

मोठी डिस्क लहान डिस्कपेक्षा लवकर बिघडते का? केवळ मोठी आहे म्हणून नाही. २० टेराबाइटची एक डिस्क घेतली काय किंवा ४ टेराबाइटच्या पाच घेतल्या काय, वर्षाला सरासरी नुकसान दोन्हीकडे ०.३ टेराबाइटच येते. (वर्गात करून घेण्याजोगे हे गणित आहे.) फरक आहे तो नुकसान कसे होते यात. एका डिस्कमध्ये सगळेच जाण्याची शक्यता दीड टक्का. पाचांपैकी निदान एक जाण्याची शक्यता सात टक्क्यांहून जास्त, पण तेव्हा जातो पाचवा हिस्सा.

मोठ्या डिस्कची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती रांगोळीच्या ठिपक्यांवरून समजते. त्याच अंगणात ठिपके दोन्ही दिशांनी दुप्पट दाट काढले की एकूण ठिपके चौपट होतात. पण एका ओळीवरून बोट फिरवले तर त्याला दुप्पटच ठिपके लागतात. तबकडीवर क्षमता वाढते ती क्षेत्रफळाने आणि वाचण्याचा वेग वाढतो तो ओळीतल्या दाटीने. फेऱ्या वाढवल्या असत्या तर भरपाई झाली असती. पण ७,२०० फेऱ्यांची डिस्क १९९२ मध्ये आली आणि आजच्या अवाढव्य डिस्कही त्याच गतीने फिरतात. सेकंदाला सरासरी २०० मेगाबाइट धरले तर २० टेराबाइट वाचायला एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास लागतात.

आमच्या प्रयोगशाळेत याचा धडा मिळाला. मोजमापांच्या दोन प्रती दोन मोठ्या डिस्कवर होत्या. दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या. एक अचानक बंद पडली. दुसरीवरून तिसऱ्या डिस्कवर नक्कल सुरू केली आणि सतराव्या तासाला वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून. ते दोन दिवस तीन वर्षांचे काम एकाच डिस्कवर टांगलेले होते आणि ती आपल्या बंद पडलेल्या भावंडाच्याच वयाची होती. नक्कल पुरी झाली, पण तोवर आम्हाला झोप नव्हती.

भीतीला आणखी एक कारण होते. अशा डिस्कच्या माहितीपत्रकात १०१५ बिट (एकावर पंधरा शून्ये) वाचताना फार तर एकदा न वाचता येणारा भाग लागेल, असे लिहिलेले असते. स्वस्त डिस्कमध्ये हाच आकडा १०१४ असतो. २० टेराबाइट म्हणजे १.६ गुणिले १०१४ बिट. अर्थात ही कंपनीने दिलेली वरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात चुका पुष्कळ कमी होतात. तरी एकच प्रत उरलेली असताना स्वस्त डिस्क काठोकाठ वाचायची वेळ यावी, असे आम्ही कोणाला म्हणणार नाही.

म्हणून सरांना आम्ही सांगितले, की डिस्कची किंमत विचारताना एका टेराबाइटला किती पडतात एवढेच पाहू नका. दोन-तीन प्रतींसकट किती पडतात ते पाहा. मोटर, पेटी आणि विजेची तबकडी प्रत्येक डिस्कला लागतेच, त्यामुळे मोठी डिस्क दर टेराबाइटला स्वस्त दिसते. ज्यांच्याकडे भरायला तेवढे आहे त्यांना ती परवडतेही. तीन टेराबाइटवाल्याला तो स्वस्तपणा रिकामा पडून राहतो. त्यापेक्षा ४ टेराबाइटच्या तीन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. दोन डिस्क एकाच वर्षी बिघडण्याची शक्यता दीड टक्क्याचा दीड टक्का, म्हणजे दहा हजारांत दोन. पण हे बिघाड एकमेकांशी निगडित नसतील तरच. एका कपाटातल्या दोन डिस्कना एकच चोर पुरतो, एका बोर्डावर लावलेल्या दोन्हींना एकच वीज. तिसरी डिस्क गावाबाहेर ठेवा, आणि वर्षातून एकदा तिन्ही लावून फायली खरोखर उघडतात का ते तपासा.

सरांनी तसे केले. एक डिस्क शाळेत, एक घरी आणि एक सांगलीला बहिणीकडे गेली. आठवड्याने त्यांचा फोन आला : “दुकानदाराने फसवले की काय? डिस्क ४ टेराबाइटची, संगणक दाखवतो ३.६४!” फसवणूक नव्हती. कंपनी एक टेराबाइट म्हणजे १०१२ बाइट धरते, तर त्यांचा संगणक २४०, म्हणजे सुमारे १.१ गुणिले १०१२, इतक्या बाइटांना एक टेराबाइट म्हणतो. सरांनी तो भागाकार नववीच्या फळ्यावर घातला. तिघांचे उत्तर दुसऱ्या दशांशस्थळापर्यंत बरोबर आले.