नेस्मिथ मेमोरियल बास्केटबॉल हॉल ऑफ फेम

नेस्मिथ मेमोरियल बास्केटबॉल हॉल ऑफ फेम ही बास्केटबॉल खेळाचा इतिहास जतन करणारी व त्यातील थोर व्यक्तींचा गौरव करणारी अमेरिकेतील संस्था आहे. तिचे संग्रहालय मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड शहरात आहे. खेळाडू, प्रशिक्षक, पंच, संघ तसेच खेळाच्या प्रसारास हातभार लावणाऱ्या व्यक्ती यांचा येथे समावेश केला जातो. ही संस्था नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या व्यावसायिक लीगची नाही. त्यामुळे महाविद्यालयीन, महिलांच्या व अमेरिकेबाहेरील बास्केटबॉलमधील कामगिरीही निवडीसाठी विचारात घेतली जाते.

इतिहास

डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या मूळच्या कॅनडातील शिक्षकांनी हिवाळ्यात छताखाली खेळता येईल असा एक खेळ तयार केला. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, 13 नियम लिहिले आणि 18 विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ पाडले. 1959 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदा नावे जाहीर झाली, तेव्हा नेस्मिथ यांच्याबरोबर या 18 विद्यार्थ्यांचाही ‘पहिला संघ’ म्हणून समावेश झाला. उंचपुरे सेंटर जॉर्ज मायकन आणि कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक फॉग ॲलन हेही त्या पहिल्या यादीत होते.

गंमत अशी की, त्या वेळी संस्थेची स्वतःची इमारतच नव्हती. ती 1968 मध्ये स्प्रिंगफील्ड कॉलेजच्या आवारात उभी राहिली. हे कॉलेज म्हणजे नेस्मिथ यांच्याच विद्यालयाचे पुढचे रूप होय. 1985 मध्ये संग्रहालय शहरातील मोठ्या वास्तूत हलले आणि 2002 पासून ते सध्याच्या इमारतीत आहे.

निवड प्रक्रिया

निवृत्तीनंतर ठरावीक काळ लोटल्यावर खेळाडू पात्र ठरतो. पूर्वी हा काळ पाच वर्षांचा होता. पुढे तो टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला. नामांकने प्रथम छाननी समित्यांपुढे जातात. महिला, आंतरराष्ट्रीय व जुन्या काळातील उमेदवारांसाठी वेगळ्या समित्या असतात. अंतिम निर्णय 24 सदस्यांची सन्मान समिती घेते आणि समावेशासाठी किमान 18 मते आवश्यक असतात.

समारंभात नव्या मानकऱ्याला मंचावर नेण्याचा मान आधीच समाविष्ट असलेल्या एखाद्या सदस्याला मिळतो. 2020 च्या मानकऱ्यांपैकी कोबी ब्रायंट यांचा त्याच वर्षी जानेवारीत हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला होता. महामारीमुळे लांबलेला तो समारंभ मे 2021 मध्ये झाला, तेव्हा ब्रायंट यांच्या पत्नीसोबत मायकल जॉर्डन मंचावर उभे होते.

उशिरा मिळालेले सन्मान

कोणाचा समावेश झाला याइतकेच तो केव्हा आणि कोणत्या वर्गात झाला हेही महत्त्वाचे ठरते. हार्लेममधील न्यूयॉर्क रेनेसाँ या कृष्णवर्णीय व्यावसायिक संघाचा समावेश 1963 मध्ये झाला, तर त्याचे संस्थापक बॉब डग्लस 1972 मध्ये योगदानकर्ता म्हणून समाविष्ट झाले. खेळाडू म्हणून मात्र तोपर्यंत एकाही कृष्णवर्णीय व्यक्तीची निवड झालेली नव्हती.

1975 मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचे बिल रसेल यांची निवड झाली. 13 हंगामांत 11 विजेतेपदे मिळवलेल्या या खेळाडूने समारंभास जाण्यास नकार दिला. कारण वैयक्तिक आहे व त्याची चर्चा करायची नाही, एवढेच त्यांनी तेव्हा सांगितले. संस्थेने त्यांचे नाव यादीत कायम ठेवले. चार दशकांहून अधिक काळानंतर, नोव्हेंबर 2019 मध्ये, रसेल यांनी एका खासगी कार्यक्रमात आपली अंगठी स्वीकारली आणि तो मान आपल्याआधी इतरांना मिळायला हवा होता, असे स्पष्ट केले. त्यांचा रोख विशेषतः चक कूपर यांच्याकडे होता. 1950 मध्ये बॉस्टन सेल्टिक्सने निवडलेले कूपर हे एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवड झालेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. त्याच हंगामात लीगमध्ये आलेले अर्ल लॉइड 2003 मध्ये व नॅट क्लिफ्टन 2014 मध्ये समाविष्ट झाले. कूपर यांची पाळी 2019 मध्ये आली. कूपर 1984 मध्येच निवर्तले होते. तिघांपैकी हा मान हयातीत पाहू शकले ते केवळ लॉइड.

प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन यांची कथा अधिक बोलकी आहे. कॅन्सस विद्यापीठात त्यांनी प्रत्यक्ष नेस्मिथ यांच्याकडे शिक्षण घेतले, पण वर्णभेदामुळे त्यांना विद्यापीठाच्या संघात खेळता आले नाही. पुढे टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाच्या संघाला त्यांनी 1957, 1958 व 1959 अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. तरीही 1979 मध्ये त्यांचा समावेश झाला तो योगदानकर्ता म्हणून. ‘प्रशिक्षक’ हा शब्द त्यांच्या नावापुढे लागण्यास 2016 उजाडले. त्याआधी 17 वर्षांपूर्वीच त्यांचे निधन झाले होते.

महिलांनाही दीर्घकाळ थांबावे लागले. स्प्रिंगफील्डपासून जवळच असलेल्या नॉर्थहॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन यांनी 1892 मध्येच मुलींना हा खेळ शिकवण्यास सुरुवात केली होती. त्यांचा समावेश मात्र 1985 मध्ये, बर्था टीग व मार्गारेट वेड या दोन प्रशिक्षकांसह झाला. या तिघी हॉल ऑफ फेममधील पहिल्या महिला होत. महिला खेळाडूंसाठी 1992 हे वर्ष उजाडावे लागले. त्या वर्षी निवडल्या गेलेल्या नेरा व्हाइट आणि लुसिया हॅरिस यांपैकी हॅरिस यांनी 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलमधील पहिला बास्केट केला होता.

दुहेरी समावेश

खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही वर्गांत समावेश होणे दुर्मीळ आहे. जॉन वुडन हे असा मान मिळवणारे पहिले. त्यांच्यानंतर लेनी विल्किन्स, बिल शर्मन व टॉम हाइन्सन यांना तो मिळाला. 2021 मध्ये रसेल यांचीही प्रशिक्षक म्हणून निवड झाली. 1966 मध्ये सेल्टिक्सची सूत्रे हाती घेऊन ते एनबीएचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक बनले होते आणि 1968 व 1969 ची विजेतेपदे त्यांनी स्वतः मैदानात खेळत, त्याच वेळी संघाला मार्गदर्शन करत जिंकली होती.