मोठ्या कुंडीतील कोकोपीट आणि लहान रोप
नारळाच्या सोडणातून काथ्या काढताना उरणारा भुसा म्हणजे कोकोपीट. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. मोठ्या कुंडीत कोवळे रोप लावले की हाच गुण अडचणीचा ठरतो: मुळे मूठभर जागेत, आणि भोवतीचे कोकोपीट अनेक दिवस चिंब, मुळांना हवा कमी पडते. वरचा थर मात्र लवकर फिकट होऊन फसवतो, म्हणून बोट दोन पेरे आत घालून ओल पाहावीच. सुरुवातीला रोपाभोवती लहान वर्तुळात थोडेच पाणी द्यावे. रोप वाढेल तसे वर्तुळ रुंदावावे. मुळे कुंडीभर पसरल्यावर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे, त्याने साचलेले क्षार धुऊन जातात. कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसल्याने पाण्यातून सौम्य खतही द्यावे लागते.