खिळा कुठे मारायचा, हे कोण ठरवतं?

चित्रप्रदर्शनाला शेवटचं कधी गेला होतात? पुण्यातलं बालगंधर्व कलादालन, कोल्हापुरातलं शाहू स्मारक भवन किंवा तुमच्या गावातल्या वाचनालयाच्या वरचं एखादं छोटं दालन. आत गेलं की आपण चित्रं बघतो, खालचं नाव वाचतो, आवडलंच तर अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी खरडतो. दाराशी टेबलामागे बसलेल्या माणसाशी आपण बोलतो ते फक्त एकच वाक्य : "फोटो काढला तर चालेल ना?"

पुढच्या वेळी त्याच माणसाला विचारा, "हे सगळं लावलं कधी?" बहुतेक उत्तर येईल, "काल रात्री."

छोटी दालनं सहसा ठरावीक दिवसांसाठी भाड्यानं दिली जातात. आधीचं प्रदर्शन उतरवायचं, भिंतीवरची भोकं बुजवायची आणि नवं प्रदर्शन चढवायचं, यासाठी हातात असते एखादी रात्र, फार तर अर्धी सकाळ. मोठ्या संग्रहालयात यासाठी वेगवेगळी माणसं असतात. इथे शिडीवर चढणारा, दिवे फिरवणारा, पावती फाडणारा आणि रात्री कुलूप लावणारा बऱ्याचदा एकच असतो.

आणि हे काम नुसती हमाली नाही हं! चित्रं लहानमोठी असली तरी ती एका ओळीत वाटायला हवीत. म्हणून प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटीमीटरवर, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेच्या आसपास ठेवतात. आता गणित करा. चित्र ८० सेंटीमीटर उंच, म्हणजे त्याची वरची कड १९० वर. मागची दोरी ताणल्यावर कडेपासून १० सेंटीमीटर खाली येते. मग खिळा कुठे? १८० वर. असे चाळीस खिळे, तेही उद्घाटनाच्या आदल्या रात्री, आणि चित्रकार मागे उभा राहून "जरा डावीकडे घ्या ना" म्हणत असताना!

दिव्यांचंही तसंच. दिवा समोरून मारला तर काचेत चित्राऐवजी आपलंच तोंड दिसतं, म्हणून तो वरून तिरका सोडतात. जलरंगाला प्रखर उजेड सोसत नाही. संग्रहालयांत त्यासाठी ५० लक्सची मर्यादा पाळतात, तैलरंगाला २०० लक्सपर्यंत चालतं. उजेडानं उडालेला रंग पुन्हा परत येत नाही. फ्रेम वरच्या पट्टीला धरून उचलायची नाही. एक हात खाली, एक बाजूला. भिंतीशी टेकवून ठेवायच्या तर चित्राकडे चित्र आणि पाठीकडे पाठ, नाहीतर एकीचा हुक दुसरीचा कॅनव्हास फाडतो.

हे सगळं महत्त्वाचं का? नुकतंच कॉलेज संपलेल्या एखाद्या मुलीचं पहिलं प्रदर्शन डोळ्यांसमोर आणा. फ्रेमिंगला, भाड्याला, टेम्पोला साठवलेले पैसे गेलेत. तिच्याकडे मोजके दिवस आहेत. तिची चित्रं नीट दिसणार की नाही, हे त्या रात्री शिडीवर असलेल्या माणसावर अवलंबून असतं. दुपारच्या शुकशुकाटात "आत या, बघून जा" असं म्हणणाराही तोच असतो.

चित्रांची अशी हातानं सेवा करणाऱ्यांनी इतिहासही घडवलाय. मुंबईत केकू गांधी यांचा १९४०च्या दशकात फ्रेम करण्याचा धंदा होता. आरा, हेब्बर, हुसेन यांची चित्रं तेव्हा त्यांच्या दुकानाच्या काचेमागे मांडली जात. पुढे १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली, ती याच फ्रेमवाल्यांची. आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टमध्ये 'गार्डिंग द आर्ट' हे प्रदर्शन भरलं. त्यातल्या कलाकृती निवडल्या होत्या १७ सुरक्षारक्षकांनी! साहजिकच आहे. दिवसभर चित्रांसमोर उभं राहतं कोण?

तुम्हाला चित्र काढता येत नसेल तरी या जगात तुमची जागा आहे. केमिस्ट्री आवडत असेल तर कलासंवर्धन आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्याचं स्वतंत्र केंद्रच आहे. इतिहासवाल्यांना माहितीफलक लिहिता येतात, कॉमर्सवाल्यांना हिशोब आणि विक्री बघता येते. सुरुवात करायची असेल तर जवळच्या दालनात जा आणि प्रदर्शन चढवायच्या रात्री मदतीला येऊ का, असं सरळ विचारा. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नेहमीच हवा असतो.

निमंत्रणपत्रिकेवर उद्घाटकांचं नाव असतं, प्रमुख पाहुण्यांचं असतं, चहापानाचीही वेळ असते. फक्त खिळे मारणाऱ्याचं नाव नसतं. तुमच्या कॉलेजच्या पुढच्या प्रदर्शनात एवढं कराच. दाराशी एक छोटा फलक लावा : 'मांडणी आणि प्रकाशयोजना'. त्याखाली मामा, काका किंवा दादा एवढंच नको, त्यांचं पूर्ण नाव लिहा. त्यासाठी आधी ते विचारावं लागेल. तेच तर हवंय!